आयुर्विम्याचा अर्ज करताना नेमकं काय काय होतं?

अमेरिकेत येऊन चार-पाच वर्षं झाली, घराचं कर्ज डोक्यावर आलं, घरात पाळणा हलला, की मित्रमंडळींत कोणीतरी हमखास विचारतं, "टर्म इन्शुरन्स घेतलास का रे?" बहुतेकांचं उत्तर ठरलेलं असतं, "घ्यायचाय, पण वेळच मिळत नाही." वेळ मिळत नाही हे अर्धंच खरं. उरलेलं अर्धं असं, की रक्त काढायला माणूस घरी येणार, डॉक्टरांचे कागद मागवणार, फोनवर नाही नाही ते प्रश्न विचारणार असं काहीबाही कानावर आलेलं असतं, आणि ते पुढे ढकललेलंच बरं वाटतं.

आपल्यापैकी अनेकांची आयुर्विम्याशी ओळख भारतात झालेली असते. एलआयसीचे एजंट म्हणजे बहुधा नात्यातले किंवा ओळखीतले काका. मार्च महिना उजाडला, आयकर वाचवायची घाई झाली, की काका घरी यायचे. चहा घेत फॉर्म तेच भरायचे आणि जिथे पेन्सिलीने फुली केलेली असेल तिथे आपण सही करायची. फॉर्ममध्ये काय लिहिलंय हे कोणी वाचत नसे. ही सवय घेऊन इथला अर्ज भरायला बसलात, तर त्याची किंमत तुमच्या पश्चात तुमच्या घरच्यांना मोजावी लागू शकते. ती कशी, हे समजून घ्यायचं तर आधी विम्याचं गणित पाहावं लागेल. मग प्रत्येक पायरीवर कंपनी काय शोधत असते, हे आपोआप उलगडत जाईल.

कंपनीला तुमचं भविष्य कळत नाही

अमुक एक माणूस कधी जाणार, हे कोणालाच सांगता येत नाही. पण त्याच वयाच्या दहा हजार माणसांपैकी एका वर्षात साधारण किती जातील, हे मात्र बऱ्यापैकी अचूक सांगता येतं. धूमकेतूमुळे आपल्याला माहीत असलेल्या एडमंड हॅली यांनी १६९३ साली ब्रेस्लाव शहरातल्या जन्ममृत्यूच्या नोंदींवरून एक तक्ता तयार केला. कोणत्या वयाची किती माणसं हयात आहेत आणि त्यांतली किती पुढच्या वर्षापर्यंत राहतील, हे त्यावरून काढता येत होतं. १७४४ मध्ये स्कॉटलंडमधल्या धर्मोपदेशकांनी आपल्या विधवांसाठी आणि मुलांसाठी असाच हिशेब करून निधी उभारला. १७६२ मध्ये लंडनमध्ये 'सोसायटी फॉर इक्विटेबल अ‍ॅशुरन्सेस' सुरू झाली, आणि वयानुसार ठरवलेला पण दर वर्षी सारखाच राहणारा हप्ता घ्यायची पद्धत रुळली. १८२५ मध्ये बेंजामिन गोम्पर्ट्झ यांनी दाखवून दिलं, की प्रौढ वयात मृत्यूची शक्यता चक्रवाढीने वाढत जाते. आजच्या आकड्यांनुसार ती साधारण दर आठ वर्षांनी दुप्पट होते. तिशीत घेतलेला विमा स्वस्त आणि पन्नाशीतला महाग का, याचं उत्तर या वाक्यात आहे.

आता एक सोपं उदाहरण घेऊ. आकडे फक्त समजण्यासाठी आहेत. दहा हजार माणसांनी प्रत्येकी ५ लाख डॉलरचा विमा घेतला आणि वर्षभरात त्यांतली १० माणसं गेली. कंपनीला ५० लाख डॉलर द्यावे लागले. खर्च आणि नफा बाजूला ठेवला तर प्रत्येकाचा हप्ता झाला ५०० डॉलर.

पण समजा, या दहा हजारांतले पाच हजार अगदी ठणठणीत होते आणि त्यांच्यातले २ जण गेले. उरलेल्या पाच हजारांना काही ना काही आजार होते आणि त्यांच्यातले ८ जण गेले. म्हणजे पहिल्या गटाचा खरा खर्च माणशी २०० डॉलर आणि दुसऱ्याचा ८०० डॉलर. सगळ्यांना सरसकट ५०० डॉलर लावले तर ठणठणीत लोक म्हणतील, "एवढे कशाला?" आणि ते निघून जातील. मागे उरतील ८०० डॉलर खर्चाचे लोक. हप्ते येणार ५०० चे आणि देणी ८०० ची. कंपनीला हप्ता वाढवावा लागेल, मग त्यातलेही जरा बरे असलेले जातील आणि हे चक्र चालूच राहील.

गोची अशी, की आपण कोणत्या गटात आहोत हे माणसाला स्वतःला बऱ्यापैकी माहीत असतं, कंपनीला मात्र माहीत नसतं. एका बाजूला जास्त माहिती असली की बाजार कसा बिघडतो, हे अर्थतज्ज्ञ जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० साली एका निबंधात मांडलं आणि त्या कामासाठी त्यांना २००१ मध्ये नोबेल मिळालं. विम्याच्या अर्जातला प्रत्येक प्रश्न, प्रत्येक सुई आणि प्रत्येक कागद ही माहितीतली दरी बुजवण्यासाठी असतो. अर्ज तपासून तुम्हाला गटात बसवणाऱ्या माणसाला इथे अंडररायटर म्हणतात. तुम्ही चांगले की वाईट हे तो ठरवत नसतो, त्याला फक्त गट ठरवायचा असतो.

पहिली पायरी: अर्ज आणि फोन

अर्ज ऑनलाइन भरा किंवा एजंटमार्फत, त्यानंतर बऱ्याचदा कंपनीकडून फोन येतो. अर्धा-पाऊण तास लागू शकतो. विचारतात ते साधारण असं: वय, उंची, वजन, आजार, औषधं, शस्त्रक्रिया, तंबाखू, दारू, गाडी चालवतानाचे दंड, स्कायडायव्हिंग किंवा स्कूबासारखे छंद, उत्पन्न, कर्ज, आधीचे विमे, आणि पूर्वी एखाद्या कंपनीने नकार दिला आहे का.

आपल्यासाठी यातल्या काही प्रश्नांकडे जरा जास्त लक्ष द्यायला हवं.

पहिला प्रश्न औषधांचा. भारतातून येताना वर्षभराच्या गोळ्या घेऊन येणारे आपल्यात खूप आहेत. रक्तदाबाची गोळी, मेटफॉर्मिन, थायरॉइडची गोळी, कोलेस्टेरॉलची गोळी. ही औषधं पुण्याच्या किंवा ठाण्याच्या डॉक्टरांनी दिलेली असतात आणि इथल्या कुठल्याच नोंदीत नसतात. "इथे कुठे कळणार?" असं मनात येतं. तरीही ती सांगायचीच. प्रश्न "तुम्ही कोणती औषधं घेता" असा असतो, "अमेरिकेतल्या फार्मसीतून कोणती घेता" असा नसतो. वैद्यांकडची किंवा होमिओपॅथीची औषधं चालू असतील तर तीही सांगा आणि ती कशासाठी घेता तेही सांगा.

दुसरा प्रश्न घराण्यातल्या आजारांचा. आई, वडील, भावंडं यांपैकी कोणाला साठीच्या आत हृदयविकार, कॅन्सर किंवा मधुमेह झाला का? कोणी गेलं असेल तर कोणत्या वयात आणि कशाने? आपल्या घरांत "झोपेतच गेले", "अचानक झालं" यापलीकडे फारसं बोललं जात नाही. अर्जाआधी भारतात फोन करून आईला, मोठ्या काकांना नीट विचारून घ्या. वडिलांना पंचावन्नाव्या वर्षी हार्ट अटॅक आला असेल तर बहुतेक कंपन्या सगळ्यात स्वस्त गटात बसवणार नाहीत. पण ही माहिती विम्याखेरीज तुमच्या स्वतःच्या डॉक्टरलाही हवीच असते.

याला जोडूनच जनुकीय चाचण्यांचं. अमेरिकेत २००८ साली 'जिना' नावाचा कायदा झाला. आरोग्यविमा कंपन्यांनी आणि नोकरी देणाऱ्यांनी जनुकीय माहितीवरून भेदभाव करू नये, असं तो सांगतो. आयुर्विमा मात्र या कायद्याच्या बाहेर आहे. फ्लोरिडाने २०२० मध्ये आयुर्विम्यालाही बंधन घातलं, पण सगळ्या राज्यांत तसं नाही. ब्रिटनमध्ये सरकार आणि विमा कंपन्यांचा करार आहे. त्यानुसार आयुर्विम्यासाठी भाकीत करणाऱ्या जनुकीय चाचणीचा निकाल फक्त हंटिंग्टन रोगाच्या बाबतीत, आणि तोही ५ लाख पौंडांपेक्षा मोठ्या विम्यासाठीच विचारता येतो. त्यामुळे घराण्यात एखादा आनुवंशिक आजार असेल आणि तुम्ही चाचणीचा विचार करत असाल, तर आधी आपल्या राज्यातले नियम पाहून घ्या.

तिसरा प्रश्न व्हिसाचा. ग्रीन कार्ड किंवा नागरिकत्व नसेल तर कंपनी व्हिसाचा प्रकार, इथे किती वर्षं आहात, पुढे इथेच राहायचा विचार आहे का, भारतात किती दिवस जाता हे विचारते. एच-१बी असलेल्यांना अनेक कंपन्या विमा देतात, पण प्रत्येकीचे नियम निराळे. खरं तर ज्यांची मुळं इथे अजून पक्की झालेली नाहीत त्यांनाच विम्याची गरज जास्त. एच-४ वर असलेल्या जोडीदारांपैकी काहींनाच नोकरीची परवानगी असते, आणि मूळ व्हिसाधारक गेला की त्याच्यावर अवलंबून असलेल्यांच्या इथे राहण्यावरच प्रश्नचिन्ह येतं. नोकरीतून मिळणारा विमा बहुधा पगाराच्या एक-दोन पटच असतो आणि नोकरीबरोबर जातो. घर सांभाळणाऱ्या, पगार नसलेल्या जोडीदाराचाही विमा काढता येतो. ती व्यक्ती नसेल तर मुलांना सांभाळण्याचा इथला खर्च किती येईल, याचा हिशेब करून पाहा.

दुसरी पायरी: कंपनी स्वतः काय शोधते

अर्जावर सही करताना तुम्ही एक संमतिपत्रही देता. त्यामुळे कंपनीला काही ठिकाणी चौकशी करता येते.

त्यातलं एक म्हणजे एमआयबी. १९०२ मध्ये विमा कंपन्यांनी मिळून ही संस्था काढली. तुम्ही पूर्वी एखाद्या कंपनीकडे अर्ज केला असेल आणि त्यात एखादा आजार किंवा धोक्याचा छंद समोर आला असेल, तर त्याची सांकेतिक नोंद इथे सात वर्षं राहते. एका कंपनीला मधुमेह सांगायचा आणि दुसरीला नाही, असं चालू नये हा उद्देश. तुमची स्वतःची नोंद तुम्हाला वर्षातून एकदा फुकट मागवता येते, आणि चुकीची असेल तर दुरुस्तही करून घेता येते.

त्याशिवाय इथल्या फार्मसींतून घेतलेल्या औषधांची नोंद, ड्रायव्हिंगची नोंद, आणि गरज वाटली तर तुमच्या डॉक्टरकडची फाइल. सगळ्यात जास्त वेळ खाते ती ही फाइल. दवाखाने कागद पाठवायला आठवडे लावतात. एरवी चार ते सहा आठवड्यांत उरकणारं काम त्यामुळे लांबतं. अशा वेळी दवाखान्यात स्वतः फोन करून पाठपुरावा केलेला बरा.

आजकाल तरुण आणि निरोगी माणसांना बऱ्याच कंपन्या रक्त न तपासता, फक्त या नोंदींवरून काही दिवसांत विमा देतात. सोय चांगली आहे. पण सुई नाही म्हणून प्रश्न हलके झाले असं समजू नका. उलट इथे तुमच्या उत्तरांवरच सगळा भार असतो.

तिसरी पायरी: घरी येणारी तपासणी

तपासणी असेल तर कंपनीच्या खर्चाने प्रशिक्षित माणूस घरी किंवा ऑफिसात येतो. उंची, वजन, दोन-तीन वेळा रक्तदाब, रक्त आणि लघवी. वय किंवा रक्कम जास्त असेल तर ईसीजी. वीस-पंचवीस मिनिटांचं काम. यात काय शोधतात ते बघू.

*कोटिनिन.* तंबाखूतलं निकोटिन शरीरात गेलं की यकृत त्याचं कोटिनिन बनवतं. निकोटिन दोन तासांत निम्मं होतं, पण कोटिनिनला निम्मं व्हायला साधारण १६ ते २० तास लागतात. त्यामुळे ते लघवीत काही दिवस सापडतं. चाचणीला सिगरेट, तंबाखू-चुना, मशेरी, गुटखा, निकोटिनचं च्युइंग गम यांतला फरक कळत नाही. "मी ओढत नाही, फक्त मळतो" असं म्हणणाऱ्याचंही कोटिनिन तेवढंच बोलतं. नुसत्या सुपारीत निकोटिन नसतं, पण तिच्याबरोबर काय होतं ते तुम्हाला माहीत असतं. तंबाखूवाल्यांचा हप्ता दुप्पट-तिप्पट किंवा त्याहूनही जास्त असू शकतो. बहुतेक कंपन्यांना तंबाखू सोडून किमान १२ महिने झालेले लागतात.

*एचबीए१सी.* रक्तातली साखर लाल पेशींतल्या हिमोग्लोबिनला चिकटते. लाल पेशी सुमारे १२० दिवस जगते. म्हणून किती हिमोग्लोबिनला साखर चिकटली आहे, हे पाहिलं की गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी कळते. आदल्या दिवशी कडक उपवास केला, आठवडाभर भात सोडला, तरी ती सरासरी फारशी हलत नाही. ५.७ च्या खाली सामान्य, ५.७ ते ६.४ मधुमेहाच्या उंबरठ्यावर, ६.५ किंवा वर मधुमेह. एक गोष्ट लक्षात ठेवा, लोहाच्या कमतरतेमुळे झालेल्या अ‍ॅनिमियात हा आकडा खोटा वर जाऊ शकतो. आपल्याकडच्या बायकांमध्ये ही कमतरता बरीच आढळते. तसं असेल तर डॉक्टरकडून उपाशीपोटीची साखर तपासून तो कागद कंपनीला पाठवता येतो.

*रक्तदाब.* यामागे एक रंजक इतिहास आहे. अमेरिकेतल्या 'नॉर्थवेस्टर्न म्युच्युअल' या विमा कंपनीचे डॉ. जॉन फिशर यांनी १९०७ पासून अर्जदारांचा रक्तदाब मोजायला सुरुवात केली. तेव्हा बऱ्याच डॉक्टरांना वयाबरोबर वाढणारा रक्तदाब ही नैसर्गिक, किंबहुना गरजेची गोष्ट वाटायची. विमा कंपन्यांकडे मात्र मोजमापही होतं आणि कोण कधी गेलं याची नोंदही. १९२५ मध्ये त्यांनी एकत्रित आकडेवारी छापली, आणि कसलाही त्रास न जाणवणारा उच्च रक्तदाबही आयुष्य कमी करतो हे त्यातून दिसलं. तपासणीआधी अर्धा तास शांत बसा, सकाळची कॉफी थांबवा, आकडा जास्त आला तर थोड्या वेळाने पुन्हा मोजायला सांगा. परक्या माणसासमोर धडधड वाढून रक्तदाब वर जाणं ही सर्वांना माहीत असलेली गोष्ट आहे.

*यकृत आणि मूत्रपिंड.* यकृताची एन्झाइम दारूने वाढतात, यकृतात साठलेल्या चरबीनेही वाढतात. पण आदल्या दिवशी जिममध्ये जोरात वजनं उचललीत तरी यांतली काही वाढतात, आणि लघवीत प्रथिनं दिसू शकतात. त्यामुळे तपासणीच्या आधी एक-दोन दिवस जिमला सुट्टी द्या, पाणी नीट प्या, सांगितलं असेल तर आठ ते बारा तास काही खाऊ नका.

एवढी तयारी रास्त आहे. ती खोट्या अडचणी टाळते, खरा आजार लपवत नाही.

आपल्या अंगकाठीची फसगत

विमा कंपनीकडे उंची-वजनाचा एक तक्ता असतो. तो सगळ्यांना सारखाच लागू होतो, वंश विचारून दर ठरत नाहीत. आपल्यातले बरेच जण या तक्त्यात अगदी छान बसतात. पण पोटाभोवती चरबी, हातपाय बारीक, ही आपली अंगकाठी फसवी असते. दक्षिण आशियाई लोकांना कमी वजनातही मधुमेह आणि हृदयविकार गाठतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी २००४ मध्ये आशियाई लोकांसाठी २३ पासूनचा बीएमआय धोका वाढवणारा मानावा असं सुचवलं. अमेरिकन डायबिटीज असोसिएशनही आशियाई अमेरिकन लोकांनी बीएमआय २३ झाला की मधुमेहासाठी तपासून घ्यावं असं सांगते. इतरांसाठी तो आकडा २५ आहे. कोलेस्टेरॉलच्या २०१८ च्या अमेरिकन मार्गदर्शक तत्त्वांत तर दक्षिण आशियाई असणं हाच धोका वाढवणारा एक घटक म्हणून नोंदवलेला आहे.

म्हणून विम्याच्या तपासणीतच पहिल्यांदा "साखर वाढलीय" हे कळणारे आपल्यात पुष्कळ असतात. ती बातमी विमा कंपनीकडून कळण्यापेक्षा आपल्या डॉक्टरकडून आधी कळलेली बरी. अर्जाच्या दोन-तीन महिने आधी वार्षिक तपासणी करून घ्या. आणि विम्यासाठी केलेल्या चाचण्यांचे निकाल मागून घ्या. ते तुम्हाला मिळतात. फाइलला लावा, डॉक्टरांना दाखवा.

निकाल कसा लागतो

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला 'न्यूयॉर्क लाइफ' कंपनीतले डॉ. ऑस्कर रॉजर्स आणि विमागणिती आर्थर हंटर यांनी गुण देण्याची एक पद्धत बसवली. सर्वसाधारण माणसाचे १०० गुण. एखाद्या आजारासाठी काही गुण वाढवायचे, एखाद्या चांगल्या गोष्टीसाठी कमी करायचे. आजच्या पद्धतीचा सांगाडा अजून तोच आहे.

निकाल साधारण असे लागतात. सगळ्यात निरोगी गट, त्याखालचा, मग 'स्टँडर्ड', म्हणजे सर्वसाधारण. त्याखाली पायऱ्या असतात आणि बहुतेक कंपन्यांत प्रत्येक पायरीला हप्ता २५ टक्क्यांनी वाढतो. दोन पायऱ्या खाली म्हणजे सर्वसाधारणच्या दीडपट. कधी कंपनी "सहा महिन्यांनी या" म्हणते, कधी नकार देते.

हप्ता वाढवून आला किंवा नकार आला तर कारण विचारा, तो तुमचा हक्क आहे. एका कंपनीचा निकाल म्हणजे ब्रह्मवाक्य नव्हे. नियंत्रणातल्या मधुमेहाकडे एक कंपनी कठोरपणे पाहते, दुसरी जरा उदारपणे. पण एकदम चार ठिकाणी अर्ज टाकू नका. अनेक कंपन्यांचं काम करणाऱ्या एजंटला तुमचं नाव न देता आधी अंदाज घ्यायला सांगा.

गट पाडताना सगळं नेहमीच निव्वळ गणिताने होत आलं आहे, असंही नाही. एकोणिसाव्या शतकात भारतातल्या विलायती कंपन्या भारतीयांचा विमा काढायला नाखूश असत. काढला तरी भारतीयांचं आयुष्य कमी प्रतीचं धरून जादा हप्ता लावत. १८७० मध्ये मुंबईत 'बॉम्बे म्युच्युअल लाइफ अ‍ॅशुरन्स सोसायटी' निघाली आणि तिने भारतीयांना सर्वसाधारण दराने विमा दिला. म्हणून कारण विचारायला संकोचू नका.

पहिली दोन वर्षं

आता सुरुवातीला म्हटलेल्या किमतीकडे येऊ.

तुम्ही भरलेला अर्ज हा पॉलिसीचाच भाग असतो, आणि अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत पॉलिसीची पहिली दोन वर्षं विशेष असतात. या काळात विमा घेतलेली व्यक्ती गेली, तर कंपनी अर्ज पुन्हा उघडून तपासू शकते. दवाखान्यांतले कागद मागवते, उत्तरांशी ताडून बघते. महत्त्वाची गोष्ट लपवलेली सापडली, म्हणजे ती कळली असती तर कंपनीने विमा दिला नसता किंवा हप्ता जास्त लावला असता, तर कंपनी पॉलिसी रद्द करू शकते. मग घरच्यांना मिळतात फक्त भरलेले हप्ते. मृत्यू त्याच आजाराने झाला असला पाहिजे, अशी अटही बऱ्याच राज्यांत नसते. रक्तदाबाची गोळी लपवली आणि माणूस गाडीच्या अपघातात गेला, तरी प्रश्न उभा राहू शकतो.

ती भारतातून आणलेली गोळी इथे कळीची ठरते. अर्जाच्या वेळी तिचा पत्ता लागणार नाही. दावा आल्यावर मात्र हॉस्पिटलच्या कागदात पहिल्याच पानावर लिहिलेलं असतं, "सहा वर्षांपासून रक्तदाबाचं औषध चालू." हे सांगणारी बहुधा आपली बायको किंवा नवराच असतो, आणीबाणीच्या कक्षात डॉक्टरांनी विचारल्यावर. आपण का नाही सांगितलं, हे समजावून द्यायला तेव्हा आपण नसतो. भारतात सुट्टीवर असताना मृत्यू झाला तर कागदपत्रांची छाननी आणखी बारकाईने होते.

सांगितलं असतं तर काय झालं असतं? नियंत्रणातल्या रक्तदाबाला अनेकदा सर्वसाधारण किंवा त्याहून चांगला गटही मिळतो. महिन्याला थोडे डॉलर जास्त गेले असते, एवढंच.

दोन वर्षांनंतर कंपनीला अर्जातल्या उत्तरांवरून वाद घालणं सहसा शक्य नसतं. काही राज्यांत ठरवून केलेल्या फसवणुकीला अपवाद आहे. आत्महत्येबाबतची अटही बहुतेक राज्यांत दोन वर्षांचीच असते. वयाचं मात्र वेगळं आहे. चुकीचं वय नंतर कधीही उघड झालं तर त्या हप्त्यात खऱ्या वयाला जितका विमा मिळाला असता, तितकीच रक्कम देतात. शाळेत घालताना १ जून ही जन्मतारीख चिकटवण्याची आपल्याकडची जुनी रीत माहीत आहे ना? पासपोर्ट, लायसन्स आणि अर्ज यांत एकच तारीख आहे ना, हे बघून घ्या.

पॉलिसी हातात आल्यावर

कागद आले की आधी शेवटी जोडलेली अर्जाची प्रत वाचा. फोनवर तुम्ही सांगितलेलं समोरच्याने चुकीचं टिपलेलं असू शकतं. चूक दिसली तर लगेच लेखी कळवा. पॉलिसी आवडली नाही तर परत करून पूर्ण पैसे मिळण्याची मुदत असते, राज्यानुसार साधारण १० ते ३० दिवस.

जुना विमा असेल तर नवा पक्का लागू होईपर्यंत तो बंद करू नका. अर्जाबरोबर पहिला हप्ता भरला तर मधल्या काळापुरतं तात्पुरतं संरक्षण मिळतं का, तेही विचारा. नवी पॉलिसी घेतली की ती दोन वर्षं पुन्हा पहिल्यापासून सुरू होतात, हेही ध्यानात असू द्या.

लाभार्थी म्हणून कोणाचं नाव टाकता ते नीट ठरवा. पहिलं नाव जोडीदाराचं, पण दोघं एकाच गाडीत असताना काही झालं तर? म्हणून दुसरं नावही हवं. अज्ञान मुलांच्या नावाने थेट रक्कम दिली जात नाही, कोर्टाने पालक नेमेपर्यंत ती अडकते. त्यासाठी ट्रस्ट किंवा तत्सम सोय वकिलाशी बोलून करून ठेवा.

आणि शेवटची गोष्ट. कंपनीचं नाव, पॉलिसीचा नंबर आणि रक्कम हे घरात जोडीदाराला आणि भारतात एका विश्वासू माणसाला सांगून ठेवा. "असलं अभद्र कशाला बोलायचं" म्हणून हे राहून जातं. पण पॉलिसी आहे हेच कोणाला माहीत नसेल, तर कंपनीकडे पैसे मागायला जाणार कोण? आज संध्याकाळी जेवणं झाल्यावर पाच मिनिटं काढा आणि सांगून टाका. अजून पॉलिसीच काढली नसेल, तर त्या पाच मिनिटांत भारतात फोन लावून आजोबा कशाने गेले आणि वडिलांना शुगर कितव्या वर्षी निघाली, हे विचारून घ्या. अर्जाची सुरुवात तिथूनच होते.